डबा रिकामा पाठवू नये

तात्यारावांनी मंडळाच्या बैठकीत निर्वासितांचा विषय काढला तेव्हा आम्ही बायका गच्चीवरच्या उन्हात मटार सोलत होतो. दिल्लीच्या डिसेंबरात बैठक गच्चीवर घ्यायची आणि बैठकीत मटार सोलायचे, एवढा एकच नियम आमच्या मराठी मंडळात सगळे पाळतात. तात्याराव एका केंद्रीय खात्यातून निवृत्त झाले त्याला बरीच वर्षं झाली, पण खातं काही त्यांच्यातून निवृत्त झालेलं नाही. "विषय क्रमांक चार," असं म्हणून त्यांनी सांगितलं, की भोगलमध्ये अफगाणिस्तानातून आलेली कुटुंबं फार हलाखीत राहतात, तिथली एक संस्था त्यांचं बघते, आणि आपल्या मंडळाने यंदा हळदीकुंकवाच्या पलीकडे जाऊन एक कुटुंब घ्यावं.

"घ्यावं म्हणजे? ठेवायचं कुठे?" वैजयंतीने विचारलं. तिच्याकडे दोनच खोल्या आहेत आणि त्यात सासूबाई आहेत, त्यामुळे तिची भीती खरी होती.

ठेवायचं नव्हतं. दर महिन्याला पीठ, तांदूळ, डाळ, तेल, साखर असा शिधा संस्थेमार्फत पोचवायचा होता. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी तेव्हा गप्प बसले असते तर माझा हिवाळा सुखात गेला असता. पण मी म्हटलं, कोरडा शिधा ठीक आहे, थंडीचे दिवस आहेत, आठवड्यातून एकदा कुणीतरी घरचं गरम जेवण नेऊन द्यावं, माणसाला माणूस भेटल्यासारखं वाटतं. आमच्या मंडळात सूचना करणाऱ्याच्याच गळ्यात काम पडतं. सरोजिनी नगरहून आश्रमला मेट्रो थेट जाते, भोगल तिथून जवळ, विनयाची, म्हणजे माझी, मुलगी मोठी झालेली, नवरा सरकारी नोकरीत, म्हणजे विनयाला काही काम नाही, असं एकमताने ठरलं.

पहिल्या गुरुवारी मी पुरणपोळ्या केल्या. माझ्या पुरणपोळीबद्दल मी स्वतः काही बोलत नाही, लोक बोलतात. सोबत कटाची आमटी आणि भात. आणि इथेच माझ्या हातून चूक झाली. शहाण्या बाईने हे सगळं बाजारात मिळतात त्या प्लास्टिकच्या डब्यांत भरलं असतं आणि डब्यांसकट विसरून गेली असती. पण पुरणपोळी आणि प्लास्टिक? मी माझा स्टीलचा तीन कप्प्यांचा डबा काढला. लग्न होऊन दिल्लीला निघाले तेव्हा आईने कराडहून दिलेला, झाकणावर माझं नाव घातलेला.

भोगलच्या एका गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांत पाच माणसं राहत होती. हबीब, त्याची बायको नजीबा, त्यांची दोन लहान मुलं आणि हबीबची आई. आईला सगळे बीबीजान म्हणत. काबूलचं सरकार पडलं त्या वर्षी ही मंडळी हेरातहून निघाली. इथे हबीबला अफगाणी पेशंटांचा दुभाष्या म्हणून हॉस्पिटलांत काम मिळायचं. पुढे पेशंटच येईनासे झाले आणि कामही गेलं. हे सगळं मला संस्थेतल्या क्षिप्राने जिना चढता चढता सांगितलं. क्षिप्रा मूळची धुळ्याची. स्पर्धा परीक्षेसाठी दिल्लीत आली, परीक्षा सुटली, दिल्ली सुटली नाही.

नजीबाने दार उघडलं. तिचं हिंदी घरमालकिणीच्या टीव्हीवर मालिका बघून शिकलेलं, त्यामुळे 'या, बसा' एवढं जरी म्हणायचं असलं तरी ती कुणाचं तरी ठरलेलं लग्न मोडल्याच्या आवाजात म्हणते. "आंटीजी, आपके कदम इस चौखट पर पड़े, यह इस परिवार का सौभाग्य है," ती म्हणाली, आणि आणखी कोण आलंय ते बघायला मी मागे वळले.

त्यांनी मला खिडकीखालच्या जाड गादीवर, दारापासून सगळ्यात लांब, मानाच्या जागी बसवलं. वेलदोड्याचा चहा दिला. माझ्यासमोर पुरणपोळी खाल्ली. नजीबा डोळे मिटून म्हणाली, "ऐसा स्वाद हमने जीवन में कभी नहीं चखा." मी जिना तरंगत उतरले. डबा मागे राहिला, पुढच्या गुरुवारी देते म्हणाली.

पुढच्या गुरुवारी डबा हातात घेतला तर जड. आश्रम स्टेशनावर सामान तपासणाऱ्या बाईंनी मशीनमधून तो आला तसा मला थांबवलं आणि आत काय आहे विचारलं. मलाच ठाऊक नव्हतं. उघडला तर आत बोलानी, म्हणजे बटाटा आणि कांद्याची पात भरून भाजलेल्या पातळ रोट्या, खालच्या कप्प्यात दही-पुदिन्याची चटणी. मागची रांग पुढे झुकली. "जाइए आंटी," तपासणीवाल्या बाई म्हणाल्या, पण झाकण लावायला त्यांनी जरा वेळच लावला.

आमचे पद्माकर म्हणजे माझ्या स्वयंपाकाला आयुष्यभरात 'ठीक आहे'च्या वर न चढलेला माणूस. त्या रात्री त्यांनी बोलानी संपवून रिकाम्या कप्प्यात डोकावून पाहिलं आणि अजून आहे का, असं विचारलं. मला राग यायला हवा होता, पण माझंही तोंड भरलेलं होतं.

आता आला का प्रश्न? भरून आलेला डबा तोडीस तोड भरल्याशिवाय परत कसा जाणार? रिकामा डबा पाठवायचा नाही हे मला कुणी शिकवलेलं नाही, ते मी बघत मोठी झाले. शेजारणीची वाटी परत करताना घरात काही नसेल तर चिमूटभर साखर तरी घालायची. मी मसालेभात नेला. डबा आशक घेऊन आला. आशक म्हणजे कांद्याच्या पातीची मोदकासारखी नाजूक पुरचुंडी, वर दही आणि डाळ. मी साटोऱ्या नेल्या. डबा हत्तीच्या कानासारखे तळलेले खुसखुशीत पापुद्रे घेऊन आला, वर पिठीसाखर. मधूनमधून पुरणपोळ्या असायच्याच. मी हट्टाला पेटले. माझी मुलगी मयुरा ऑफिसातून फोन करून विचारू लागली, "आई, थर्सडे कधी आहे यार?" वैजयंतीला गुरुवारी संध्याकाळीच विरजण संपल्याचं आठवू लागलं. तात्यारावांनी बैठकीत या प्रकाराची 'सांस्कृतिक देवाणघेवाण' अशी नोंद केली आणि नोंदीपुरता एक कान खाल्ला.

असा जानेवारी गेला. मग एका गुरुवारी क्षिप्राने मला जिन्यातच अडवलं. ती बराच वेळ थंडीबद्दल बोलत राहिली. शेवटी म्हणाली, "काकू, रागावू नका. यांचा शिधा वीस तारखेच्या आतच संपतोय. बाकीच्यांना महिनाभर पुरतो."

मी विचारलं, जातो कुठे?

"तुमच्या डब्यात," ती म्हणाली.

बुधवारी त्या घरात माझ्या डब्याचा स्वयंपाक चालायचा. पीठ तिथे, तेल तिथे, साखर तिथे. महिन्याच्या शेवटी मुलं चहात नान बुडवून दिवस काढायची. आशकवरची ती डाळ आम्हीच दिलेली हरभऱ्याची डाळ होती, आणि मी ती वाटी चाटून पुसून खाल्ली होती. त्या जिन्यात मला जी शरम वाटली तशी आजवर वाटलेली नाही. धर्म करता कर्म उभं राहतं म्हणतात. इथे मी दोन लेकरांच्या तोंडचा घास काढून सहकुटुंब मिटक्या मारत होते.

त्याच दिवशी मी नजीबाला स्वच्छ सांगितलं, की यापुढे डबा रिकामा दे. तिने ओढणी सावरली. "आंटीजी, क्या हमारे हाथ का अन्न आपके योग्य नहीं?" बीबीजानला हिंदी येत नाही, पण बाकी सगळं कळतं. तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मी घाईघाईने नहीं नहीं, बहुत अच्छा है, म्हटलं आणि दह्यातल्या वांग्याची बोरानी घेऊन घरी आले.

मग मी प्लास्टिकच्या डब्यांत जेवण नेलं. ते धुऊन, पुसून, भरून परत आले, आणि एका डब्याचे दोन झाले होते. मग क्षिप्राकडून तेल आणि पीठ जास्तीचं पाठवलं, म्हणजे निदान मुलांना उरेल. पुढच्या गुरुवारी तिन्ही कप्पे तळणीचे आले. मग मी एक गुरुवार गेलेच नाही. संध्याकाळी हबीब बस बदलत बदलत आमच्या कॉलनीच्या गेटवर उभा, हातात झाकलेलं पातेलं, आंटीजी बीमार हैं क्या म्हणून विचारायला. माझं न जाणं त्यांना जाण्याहून महाग पडलं.

तात्याराव म्हणाले, बाई, हे तुम्हांला झेपायचं नाही, इथे अधिकारवाणी लागते. ते स्वतः भोगलला गेले. परत आले तेव्हा खिशात अक्रोड होते. "मी विरोध नोंदवला," ते म्हणाले. "कधी?" मी विचारलं. "दुसऱ्या प्लेटनंतर." मग अक्रोड फोडता फोडता म्हणाले, "सुंभ जळला तरी पीळ जात नाही हो यांचा." त्यात तक्रार किती आणि कौतुक किती ते मला कळलं नाही.

बुधवार आला. उद्या पुन्हा जायचं, आणि या क्षणी तिकडे माझ्या डब्यासाठी कढई चढलेली असणार. मी स्वयंपाकघरात भांडी आपटत होते. मयुरा ओट्याशी येऊन टेकली.

"आई, सिंपल आहे. तू पण कोणाचा डबा एम्प्टी पाठवत नाहीस, ते पण नाही पाठवत. तुम्ही सेम आहात बिल्कुल."

मी म्हटलं, ते मला कळतंय, उपाय सांग.

"पण आजीकडे कराडला जातेस तेव्हा तर सगळे डबे रिकामे नेतेस. आणि भरून आणतेस. तिकडे नाही लाज वाटत?"

"अगं, ते माहेर आहे," मी म्हटलं. "एकदा भरून नेला होता. तर आजीने दारातच विचारलं, 'परक्याकडे आलीस का?'"

"अच्छा," मयुरा म्हणाली. "म्हणजे माहेरला रूल वेगळा."

माझ्या हातातलं पातेलं तिथेच राहिलं. दिल्लीत वाढलेली ही मुलगी. तिला विळी आणि अडकित्ता यांतला फरक सांगता येत नाही, पण हे मात्र तिलाच सुचलं.

गुरुवारी सकाळी मी सरोजिनी नगरच्या बाजारात घासाघीस करून सलवार-कमीजचं चांगलं कापड घेतलं, एक नारळ घेतला, तांदूळ घेतले. कुंकवाचा करंडा घरीच ठेवला. मान तिचा करायचा, तर तिच्या घराचा मान राखून. डब्यात पुरणपोळ्या भरल्या, कारण लेकीकडे पहिल्यांदा जाताना गोडच न्यावं.

तिथे पोचल्यावर मी मानाच्या गादीवर बसलेच नाही. नजीबाला बीबीजानसमोर बसवलं, तिला ओढणीचा पदर पसरायला लावला आणि त्यात कापड, तांदूळ, नारळ घातला. बीबीजानने नारळ उचलला, कानाशी हलवला, आत पाणी आहे याची खात्री करून परत ठेवला.

"बीबीजान को बता," मी म्हटलं, "आज से नजीबा मेरी बेटी. मेरा घर इसका मायका. हमारे यहाँ मायके का डिब्बा खाली वापस जाता है. भरके भेजा, तो मतलब हम पराये."

मायका म्हणजे काय हे तिला समजवावं लागलं नाही. तिच्या मालिका निम्म्या मायक्यातच घडायच्या. अडचण वेगळीच झाली: माझं म्हणणं बीबीजानला सांगणार कोण, तर तीच. पहिलं वाक्य तिने फारसीत नीट सांगितलं. दुसऱ्याला थांबली. तिची स्वतःची आई हेरातला आहे. आधी फोनवर दिसायची, गेले काही महिने नुसती रिंग वाजते. हे मला क्षिप्राने सांगितलेलं होतं, आणि तरी मी ते शब्द तिच्याच तोंडून वदवायला निघाले होते. ती रडली. मालिकेत रडतात तशी नव्हे, नाक लाल करून, ओढणीला नाक पुसत. मीही रडले. मधल्या मध्ये बीबीजान ताटकळली. बाई काय म्हणतेय ते तरी सांग, अशा अर्थाने तिने सुनेला कोपराने ढोसलं.

मग नजीबाने सगळं सांगितलं. बीबीजानने ऐकून घेतलं, जपमाळेचे मणी थोडे पुढे सरकवले आणि एक प्रश्न विचारला.

"बीबीजान पूछती हैं," नजीबा डोळे पुसत म्हणाली, "हमें दिल्ली आए इतने साल हो गए. इसकी माँ थी तो अब तक कहाँ थी?"

पाहुणी म्हणून महिनोन्महिने डोक्यावर घेतलेली मी, एका मिनिटात विहीण झाले होते आणि माझं उणं काढायला सुरुवातही झाली होती. मी पडतं घेतलं. मुलीच्या आईला घ्यावंच लागतं. उशीर झाला, चुकलं, म्हटलं. बीबीजानने मान हलवली आणि मला हाताने आपल्या शेजारी, दाराजवळच्या पातळ गादीवर बसायला सांगितलं. चहा आला. त्यात वेलदोडा नव्हता आणि साखरही बेताचीच होती. इतका चांगला चहा मी त्या घरात कधी प्यायले नव्हते.

तरीही पुढचा गुरुवार येईपर्यंत माझ्या जिवात जीव नव्हता. मान डोलावणं वेगळं आणि हाडीमासी खिळलेली रीत मोडणं वेगळं. जिना चढताना मी आधी वास घेतला. तळणीचा वास नव्हता. डबा खिडकीत ठेवला होता. बीबीजानने तो स्वतः आणला, तिन्ही कप्पे माझ्यासमोर काढले आणि एकेक उपडा करून दाखवला. घासून लखलखीत केलेले होते आणि रिकामे होते. शेवटचा कप्पा तिने तळहाताने पुन्हा एकदा पुसला. एवढ्या वर्षांत तिच्या घरातून भांडं रिकामं गेलं नसणार. मी तिचा तो हात धरला आणि सोडला नाही, तिनेही काढून घेतला नाही.

आश्रम स्टेशनावरच्या तपासणीवाल्या बाईंनी डबा उचलून पाहिला. "आंटी, आज खाली? झगड़ा हो गया क्या?"

"नहीं," मी म्हटलं. "बेटी का घर है."

घरी मात्र सुतक. पद्माकर त्या दिवशी लवकर आले होते. मयुराने झाकण उघडून पुन्हा लावलं. वैजयंती विरजणाला आली, बसली, विरजण न घेताच गेली. पद्माकरांनी मला हळूच विचारलं, की म्हणजे आता कधीच नाही का? मी म्हटलं, ईदला बोलावलंय, व्याही म्हणून, नीट इस्त्रीचा शर्ट घालून चला. त्यावर ते जरा सावरले. महिना संपताना क्षिप्राचा फोन आला, की भोगलच्या घरी अजून पीठ आहे, तेल आहे, आणि मुलं दुपारी पोटभर जेवून झोपली आहेत. मी फोन ठेवून देवाला दिवा लावला.

एवढ्यावर संपलं असतं तर मी मोठी पुण्यवान ठरले असते. पण परवा बुधवारी मी उद्याच्या पोळ्यांसाठी हरभऱ्याची डाळ शिजत घातली आणि नजीबाचा फोन आला. चौखट नाही, सौभाग्य नाही, मालिकेतलं एकही वाक्य नाही.

"माँ, कल वो पीली मीठी रोटी मत लाना."

मी विचारलं, का गं?

"बच्चे नहीं खाते. किसी को अच्छी नहीं लगती."

"किसी को?"

"बीबीजान को भी नहीं. पहले दिन से नहीं. हम नीचे वालों को दे देते थे." मग जरा आवाज वर चढवून, "चावल लाना. वो मसाले वाले. और दही ज़्यादा, पिछली बार कम था."

तिने फोन ठेवला. मी ओट्याशी उभी. माझी पुरणपोळी! अख्खा हिवाळाभर मी पहाटे उठून पुरण वाटलं, ती बाई डोळे मिटून वाहवा करत राहिली, आणि पोळ्या जात होत्या खालच्या मजल्यावर. कान गरम झाले माझे. परका माणूस खाऊन वाहवा करतो. नावं ठेवायला मात्र लेकच लागते, आणि मी स्वतः आईच्या आमटीला मीठ कमी आहे असं फोन करकरून सांगत आलेय.

मी अर्धवट शिजलेली डाळ खाली उतरवली आणि तांदूळ निवडायला घेतले.